साडभाऊंचा नकाशा

गुणाकररावांबद्दल माझ्या मनात काहीएक नाही, हे पहिलेच सांगून टाकतो. लोकांना बोलायला काय लागतं! आमची अलकनंदासुद्धा बोलते. दादाजींना दोन मुली. मोठीचा नवरा मी, म्हणजे मोठा जावई मी. धाकट्या आशालतेचे यजमान गुणाकरराव, म्हणजे माझे साडभाऊ. आता मोठा जावई ट्रेसर निघाला आणि धाकटा सब-ओव्हरसियर निघाला, यात जळण्यासारखं काय आहे? फक्त दोघंही बालाघाटात, एकाच ऑफिसात निघाले, हे देवानं जरा पाहून करायला पाहिजे होतं.

ट्रेसर म्हणजे काय, ते पुष्कळांना माहीत नसतं. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली तरी माझ्या सासूबाईंना माहीत नाही. 'आमचे मोठे जावई सरकारात कागदाचं काहीतरी करतात,' असं त्या सांगतात. तर ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून त्याच्या रेघेवर आपली शाईची रेघ ओढणारा. गुणाकररावांची रेघ कशी असते? बैल मुतत गेल्यासारखी असते. ती मी सरळ करायची, अक्षरं मी घोटायची, आणि शेवटी मोठे साहेब म्हणणार, "वाह गुणाकर, क्या ड्रॉइंग है!" गुणाकरराव त्यावर हसून म्हणणार, "सर, रेघ नीळकंठरावांची आहे." साहेब माझ्याकडे पाहून मान हलवणार, चहावाल्याकडे पाहून हलवतात तशी. यात मला सगळ्यात जास्त राग गुणाकररावांच्या त्या हसण्याचा येतो. माणसानं निदान थोडं तरी वाईट असावं.

तर गोष्ट चौसष्ट सालची आहे आणि ती स्टेशनाजवळच्या वैनगंगा लॉजची आहे. एके काळी तिथं लाकडाचे आणि मॅंगनीजचे ठेकेदार उतरायचे. मग ठेकेदारांनी स्वतःचे बंगले बांधले आणि लॉजच्या अकरा खोल्यांत वटवाघळं उतरायला लागली. मालक प्रेमलालजी एक दिवस दादाजींना म्हणाले, "मास्टरसाहेब, तुमचं मंडळ पोरांसाठी जागा पाहून राहिलं न? घेऊन टाका. भाड्याचं मागाहून पाहू." दादाजी, म्हणजे आमचे सासरे, रिटायर्ड हेडमास्तर आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. रामपायली, खैरलांजी, लालबर्रा, सगळीकडून पोरं कॉलेजात नाव टाकायला यायची आणि राहायला जागा नाही म्हणून दिवाळीपर्यंत परत जायची. कोणी किराणा दुकानाच्या गोदामात झोपायचा, कोणी देवळाच्या ओसरीवर. आदल्या वर्षी एकोणीस पोरांपैकी अकरा परत गेली होती. दादाजींना त्या अकराही पोरांची नावं पाठ होती आणि ती ते जेवताना सांगायचे.

दादाजींच्या घरी मंडळाची बैठक झाली. लॉजचं छात्रावास करायचं ठरलं. पोरं छत्तीस, खोल्या अकरा, आणि मंडळाजवळ पैशाच्या नावानं शंख. तेव्हा डोकं चालवूनच काय ते जमवायचं होतं. दादाजी म्हणाले, "गुणाकरराव, नकाशा तुम्ही करा." मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. "आणि नीळकंठराव, तुम्ही त्याची साफ प्रत काढून द्या."

साफ प्रत! मोठा जावई, आणि साफ प्रत!

"मीही एक नकाशा काढतो," मी म्हटलं.

आतून अलकनंदा खोकली. तिला खोकला नव्हता.

"काढा ना," दादाजी म्हणाले. "कागदच तर लागतो."

त्या दिवशी मी ठरवलं की एकदा, आयुष्यात फक्त एकदा, दादाजींनी मला एखादी गोष्ट पहिले विचारली पाहिजे. दुसरं काही मला नको होतं.

नकाशा काढतो म्हटलं की गावातली माणसं सल्ला द्यायला कशी येतात, हे ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. शेजारच्या गोदाबाई सकाळीच आल्या. "हे पाहा बाबू, पोरायले चूल पाह्यजे. एकेका खोलीत एक चूल. नाही तं पोरं बाहेर भजे खातात अन बिघडतात. माह्या भावाचा पोरगा भज्यानंच बिघडला." त्यांच्या मागोमाग समोरचे डोमाजी आले. डोमाजी म्हणजे रिटायर्ड पोलीस जमादार. "चुली-बिली सोडा. दार एकच ठेवा. छत्तीस पोरं आत गेली, छत्तीस बाहेर आली, मोजून घेतलं, झालं. खिडक्यांना गज, आणि गजांना जाळी." त्यांनी माझ्या अंगणात काठीनं नकाशा काढून दाखवला. तो ठाण्याच्या कोठडीचा होता. मला ती लगेच ओळखू आली, कारण तिची साफ प्रत मीच काढली होती.

मी भिडस्त माणूस. दोघांचंही ऐकलं. अकरा चुली आणि एक दार असा नकाशा तयार झाला. अलकनंदानं तो पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे आग लागायचीही सोय केली आणि पोरं बाहेर निघू नये याचीही." मी तो फाडला.

मग मोजमापं घ्यायला गेलो. टेपचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं महागू मिस्त्रीच्या. महागू हा मंडळानं ठरवलेला मिस्त्री. पाच दिवस मोजलं. एका खोलीत दोनच खाटा. कसंही करा, बाविसाच्या वर पोरं बसत नव्हती. चौदा पोरं माझ्या नकाशाच्या बाहेर उभी होती. तिकडं ऑफिसात गुणाकरराव शिट्टी वाजवत होते. ज्याचं गणित सुटतं तोच शिट्टी वाजवतो, हे मला कळत होतं.

त्यातच कागदाची भानगड निघाली. लॉजचं छात्रावास करायचं तर पहिले लॉज बंद झालं अशी नोंद पाहिजे. ते काम दादाजींनी माझ्यावर टाकलं. ज्या कचेरीत ही नोंद असते तिथल्या बाबूनं रजिस्टर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कटनीचा कोणी एक ठेकेदार अठ्ठावन्न साली लॉजमध्ये उतरला होता. यायची तारीख लिहिली होती, जायची जागा कोरी होती.

"मुसाफिर अभी ठहरा हुआ है," बाबू म्हणाला.

"साहब, छह साल से?"

"वो आप जानें. जब तक मुसाफिर गया नहीं, लॉज बंद कैसे होगा? और लॉज बंद नहीं, तो छात्रावास खुलेगा कैसे?"

मी अकराही खोल्या पाहिल्या होत्या असं सांगितलं. तो म्हणाला, कहीं बाहर गया होगा. मी कटनीला तीन पत्रं टाकली. एक उत्तर आलं. ते त्याच आडनावाच्या दुसऱ्याच माणसाचं होतं आणि त्यानं आपल्या मुलासाठी बालाघाटकडे एखादी मुलगी आहे का, असं विचारलं होतं. डोमाजी म्हणाले, हरवल्याची रपट लिहा. गोदाबाई म्हणाल्या, "त्याचं तेरवं करून टाका न. मंग तं गेलाच." दोन आठवडे मी त्या न दिसणाऱ्या ठेकेदाराच्या मागे फिरलो. शेवटी गुणाकरराव म्हणाले, "नीळकंठराव, मी एकदा जाऊन पाहू का?" गेले. एक पान खाऊन होईस्तोवर परत आले. बाबूनं कोऱ्या जागेत लिहून दिलं होतं, 'बिना सूचना प्रस्थान.'

"तुम्ही सगळी तयारी करून ठेवली होती म्हणून झालं," गुणाकरराव म्हणाले. पहा! असं बोलतात ते! माणसानं अशा माणसाचं काय करावं?

यानंतर दोन-तीन दिवसांनी मी लॉजच्या अंगणात टेप घेऊन उगाच उभा होतो. उन्हं तापायला लागली होती. तेवढ्यात रामपायलीकडचा एक शेतकरी सायकल हाती धरून आत आला. तेजराम त्याचं नाव.

"बाबूजी, माहा पोरगा येऊन राह्यला न इथं. वसंता. मॅट्रिक झाला. त्याची जागा कोनती?"

"अजून ठरायची आहे."

"अन तांदूळ कुठं ठेवाचा?"

मंडळानं पत्रकात लिहिलं होतं की ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांनी जेवणासाठी आपलं धान्य आणावं. "किती आणाल?" मी विचारलं. "थैलीभर?"

तो हसला. "थैलीभर? चार पोते आणतो न जी. एकडाव नाला भरला का मंग दिवाळीलोक गाडी निघत नाही. पावसाच्या आंधी सप्पा चारही पोते आणून टाकाचे."

"मग सगळ्या पोरांचा एका ठिकाणी ओतून..."

"नाही जी!" तो एकदम सायकल सोडून पुढं आला. सायकल पडली. "आमचा वासाचा चिन्नोर हाये. लालबर्ऱ्याचे लोकं जाडी लुचई आणतीन. माह्या पोरानं दुसऱ्याची लुचई काहून खावाची?"

"मग छत्तीस कोठ्या कुठं बांधायच्या, भाऊ? पोरं कुठं झोपतील?"

"आमच्या घरी माहा बाप कोठीवरच फळी टाकून झोपते," तेजराम म्हणाला. "खाले तांदूळ, वर बुढा. उंदीरबी येत नाही अन बुढाबी हालत नाही."

तेजराम गेला आणि मी तिथंच खाली बसलो. खाट नकोच! खाटेऐवजी विटांची पोकळ पेटी. आत पोराचा तांदूळ, वर सागाची फळी, फळीवर पोरगा. आणि खाटेच्या चारही बाजूंना जाणारी जागा वाचली की एका खोलीत दोन नाही, तीन बसतात, आणि मोठ्या खोलीत चार! दोन तर व्हरांड्याच्या टोकालाही बसतात. छत्तीस जमत होते. कल्पना माझीच होती. बोलला फक्त तेजराम.

संध्याकाळपर्यंत मी नकाशा काढला. पेन्सिलीचा नाही, सरळ ट्रेसिंगच्या कापडावर, शाईनं. असा नकाशा माझ्या हातून कधी झाला नव्हता. कोणाच्याच रेघेवर रेघ नव्हती, सगळ्या माझ्या होत्या. अलकनंदानं तो दोनदा पाहिला आणि काही बोलली नाही. हे तिच्याकडून मिळालेलं पहिलं सर्टिफिकेट. गुंडाळी करून मी तडक दादाजींकडे निघालो.

दादाजींच्या पलंगावर गुणाकररावांचा नकाशा पसरलेला होता.

"या, या नीळकंठराव! पाहा गुणाकररावांनी काय केलं. छत्तीसच्या छत्तीस बसवले!"

मी पाहिलं. खाटा नव्हत्या. विटांचे ओटे होते. भिंतीलगत, एकेका खोलीत तीन-चार. प्रत्येक ओट्याच्या डोक्याशी पुस्तकांसाठी कोनाडा होता आणि कोनाड्यावर झरोका, म्हणजे वाचायला उजेड. कोनाडा मला सुचला नव्हता. मी असा पेटलो की विचारू नका. ओटे त्यालाही सुचले! आणि कोनाडेही!

मग मी बारकाईनं पाहिलं आणि पेटलेलं एकदम निवलं. ओटे भरीव होते. 'आत मुरूम भरणे' असं त्या बैलमुत्या अक्षरात लिहिलं होतं. धान्यासाठी मागं एक कोठीघर दाखवलं होतं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. छत्तीस पोरं गुणिले चार पोती. चिन्नोर वेगळा, लुचई वेगळी. हे गुणाकररावांना माहीतच नव्हतं.

"हातात काय आहे?" दादाजींनी विचारलं.

आता इथं मी खरं तेच सांगणार आहे. मी गुंडाळी उघडली असती तर काय झालं असतं? दादाजी म्हणाले असते, "वा! गुणाकरराव, ओटे तेवढे पोकळ करा." एवढंच. मुरमाच्या जागी तांदूळ, एका शब्दाचा फरक. नकाशा त्यांचाच राहिला असता आणि मी पुन्हा साफ प्रत. तेव्हा मी म्हटलं, "काही नाही. ऑफिसचं आहे."

घरी आल्यावर अलकनंदानं विचारलं, "दिला?"

"नाही."

"काहून?"

"वेळ आल्यावर देईन."

"वेळ कोणाची?" ती म्हणाली. मी नकाशा ट्रंकेत तिच्या लुगड्यांखाली ठेवला.

गुणाकररावांच्या नकाशाची साफ प्रत मी इतकी सुरेख काढली की विचारू नका. 'मुरूम भरणे' ही अक्षरं तर मोत्यासारखी आली. ट्रेसरचं काम काय? आहे ते उतरवणं. आपलं डोकं चालवणं नाही. हे मी स्वतःला रोज सांगत होतो, आणि जी गोष्ट रोज सांगावी लागते ती खरी नसते हेही मला ठाऊक होतं. मे महिन्यात एक दिवस महागू विटा लावता लावता म्हणाला, "बाबू, हे ओटे पोकळ ठेवले तं? काही ठेवाले कामी येतीन."

"नकाशात काय लिहिलं आहे?"

"मुरूम."

"मग मुरूम."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला आणि मुरूम भरला. छत्तीस ओटे भरून निघाले. वर सिमेंटचा गिलावा. ठोकलं तर ठण ठण वाजायचं.

जूनच्या शेवटच्या रविवारी उद्घाटन ठेवलं. आंब्याची पानं, नारळ, सतरंज्या, सगळं होतं. दादाजींनी नारळ फोडला आणि झेंडूचा हार गुणाकररावांच्या गळ्यात घातला. सासूबाईंनी डोळे पुसले. आशालता अशी उभी होती की जणू लॉज तिनंच खांद्यावर आणून ठेवलं. मी मागच्या रांगेत डोमाजींच्या बाजूला होतो. हार नसल्यामुळे मान मोकळी होती.

आणि मग गाड्या आल्या.

पहिले लालबर्ऱ्याच्या चार. मग खैरलांजीच्या सहा. मग रामपायलीकडच्या. बैलगाड्यांची रांग स्टेशनाच्या फाटकापर्यंत गेली. प्रत्येक गाडीत एक बाप, एक पोरगा, एक पेटी आणि पोतीच पोती. कोठीघर दुसऱ्याच गाडीला भरलं. मग पोती व्हरांड्यात लागली, मग जिन्यात, मग ओट्यांवर. दहा मिनिटांत अशी स्थिती झाली की सगळे तांदूळ झोपले होते आणि पोरं उभी होती. डोमाजी दारात उभे राहून मोजत होते, पण पोरं मोजायची की पोती हे त्यांना कळेना. खैरलांजीचं एक पोतं फुटलं आणि लालबर्ऱ्याच्या पोत्यावर सांडलं. लगेच दोन बाप एकमेकांच्या अंगावर धावले. गोदाबाई मधे पडल्या आणि म्हणाल्या, "भांडू नका, दोन्ही मिळून खिचडी चांगली होते." त्यावर दोघंही त्यांच्यावर उलटले.

दादाजींनी हात वर केले. "ऐका! सगळा तांदूळ मोठ्या खोलीत एकत्र ओता. नंतर वाटून देऊ."

"नाही जी," तेजराम म्हणाला. "चिन्नोर मिसळवत नाही आमी."

"मग एक-एक पोतं ठेवा. बाकीचं परत न्या. महिन्याच्या महिन्याला आणा."

"भर पावसात नाला कोन वलांडन, मास्तर? तुमी?" तेजरामचा आवाज चढला नाही. तो नुसता वळला आणि पोतं उचलून गाडीत टाकू लागला. "तांदूळ वापस तं पोरगंबी वापस. मले पेरनी हाये. चाल रे वसंता."

त्याचं पाहून दुसऱ्यानं बैल जुंपले, मग तिसऱ्यानं. दादाजी हातातला अर्धा नारळ घेऊन तसेच उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं, ते पोरांची नावं म्हणत होते. गुणाकरराव हार घालून मधोमध उभे, तोंड राखेसारखं. लोक त्यांच्याकडे पाहत होते.

खोटं सांगत नाही, मला छान वाटलं. इतकं छान मला सतरा वर्षांत वाटलं नव्हतं. आता दादाजी वळतील आणि म्हणतील, 'नीळकंठराव, आता तुम्हीच काही सांगा.' मी जरा पुढं सरकलो, म्हणजे त्यांना मी दिसावा. दिसलोही. पण ते काही बोलले नाहीत. मी खाकरलो. तरी काही नाही. संकटातसुद्धा या माणसाला मी आठवत नव्हतो!

तेजरामची गाडी लॉजच्या फाटकापाशी पोचली. मागं वसंता बसला होता, पेटीवर हात ठेवून. पत्र्याची नवी पेटी. तिच्यावर पेंटरकडून पिवळ्या अक्षरात लिहून घेतलं होतं: 'वसंता तेजराम, बी. ए. पहिले वर्ष.' तो पोरगा अक्षरांवर पंजा ठेवून बसला होता, कोणी वाचू नये म्हणून.

माझं छान वाटणं तिथं संपलं. ही पोरं माझ्या ट्रंकेमुळे परत जाऊन राहिली होती.

मी अलकनंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. तिनं पिशवीत हात घालून गुंडाळी काढली. ती तिनं घरून येतानाच आणली होती. "पळा," ती म्हणाली.

मी पळालो. धोतर सावरत, चप्पल एक टाकून, तेजरामच्या बैलासमोर जाऊन उभा राहिलो आणि कासरा धरला. "थांब! जागा आहे! प्रत्येकाच्या तांदळाला जागा आहे!" मी ओरडलो. बैलानं शिंग हलवलं आणि मी एक कोलांटी खाऊन उठलो. लोक हसले. हसू दे म्हटलं. गाडी तर थांबली.

नकाशा मी फाटकाजवळच्याच एका पोत्यावर पसरला. सगळे गोळा झाले. मी समजावून सांगितलं: मुरूम काढायचा, आतून गिलावा, कडुनिंबाचा पाला, वर फळी, फळीला कडी, कडीला ज्याचं त्याचं कुलूप. खाली चिन्नोर, वर वसंता. तेजरामनं मान तिरपी करून पाहिलं. "हे तं आमच्या बुढ्याची कोठी हाये," तो म्हणाला आणि गाडीवरून पोतं खाली घेतलं.

दादाजी वाकून पाहत होते. त्यांचा चष्मा त्यांच्या खिशात होता आणि ते डोक्यावर शोधत होते. "नीळकंठराव!" ते म्हणाले. "अहो, हे तुम्हाला सुचलं केव्हा?"

मी तोंड उघडलं, आणि माझी नजर कापडाच्या उजव्या कोपऱ्यावर गेली. तिथं माझ्याच मोत्यासारख्या अक्षरात माझं आद्याक्षर होतं आणि खाली तारीख. बारा एप्रिल. सतरा वर्षांची सवय. तारीख टाकल्याशिवाय ट्रेसरचा हात कापडावरून उठतच नाही. अडीच महिने! छत्तीस ओट्यांत मुरूम भरत होता, तेव्हा हा नकाशा माझ्या घरी होता, हे तिथं शाईनं लिहिलेलं होतं. दादाजींच्या हाताला चष्मा लागला.

गुणाकरराव माझ्या बाजूलाच वाकलेले होते. त्यांनी ती तारीख वाचली. मी त्यांना वाचताना पाहिलं. त्यांनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग गळ्यातला हार काढला आणि नकाशावर ठेवला, नेमका त्या कोपऱ्यावर.

"आत्ताच सुचलं, दादाजी," ते म्हणाले. "गाड्या पाहिल्या आणि सुचलं. मघाशी मला सांगायला आले होते, मीच गर्दीत लक्ष दिलं नाही. चूक माझी. हार यांचा आहे."

दादाजींनी माझे दोन्ही हात धरले. "मी तुम्हाला ओळखलंच नाही हो इतकी वर्षं," ते म्हणाले. महागूनं माझ्याकडे पाहून तोंड उघडलं, मग खर्ऱ्याची पुडी उघडली आणि ती तोंडात रिकामी केली. त्याचे उपकार मी अजून फेडलेले नाहीत.

त्या दिवशी दुपारभर सगळ्यांनी मुरूम काढला. बाप, पोरं, डोमाजीसुद्धा. सगळ्यात पुढं गुणाकरराव, बाह्या सारून, कुदळ घेऊन. आपल्याच नकाशाप्रमाणे घातलेला गिलावा ते फोडत होते आणि मधून मधून मला विचारत होते, "नीळकंठराव, एवढं खोल पुरे का?" संध्याकाळपर्यंत चौदा ओटे पोकळ झाले. बाकीची पोती तोवर सतरंज्यांखाली लावली. एकही गाडी पोरगा घेऊन परत गेली नाही.

दिवेलागणीला आम्ही दोघं मागच्या विहिरीवर हातपाय धूत होतो. दुसरं कोणी नव्हतं. गुणाकररावांच्या तळहाताला फोड आले होते. त्यांचे पाय धरावे असं मला वाटत होतं. निदान 'उपकार झाले' एवढं तरी म्हणावं. शब्द जिभेवर होता. पण वर्षानुवर्षं हेवा केलेल्या माणसाला असं एकदम काही म्हणता येत नाही हो. आणि आता तर माझ्या हेव्याला नवीनच कारण मिळालं होतं. घर, हुद्दा, पगार, यांचा हेवा करता येतो, उद्या आपल्यालाही मिळेल म्हणून. हे जे त्यांनी हार ठेवून केलं, ते मला कधी जमणार होतं?

मी म्हटलं, "तुमचा तो तिसऱ्या खोलीचा झरोका दोन इंच वाकडा आला आहे."

"हौ, आहे खरा," गुणाकरराव म्हणाले. त्यांनी रहाटाला बादली लावली आणि माझ्या हातावर पाणी घातलं. "पुढच्या नकाशाच्या वेळी पहिले तुम्हाला विचारीन."

मी ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ तोंड धूतच राहिलो.